चित्राखालच्या ओळी

१० जुलै २०२५, गुरुवार

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ही वही. "गुरुजी, मुलीला काय दिसतं, काय दिसत नाही, जमेल तसं लिहीत जा. पुढच्या वेळी येताना घेऊन या." पुढची वेळ म्हणजे २४ सप्टेंबर. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत हजेरीपट लिहिले, तेव्हा लिहायचा कंटाळा मला नाही. पण पोरीच्या डोळ्यांची हजेरी घ्यावी लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

आजची नोंद. यशोधरा, वय सव्वीस. डोळ्यामागचा पडदा वाळत चालला आहे. कडेचं दिसणं गेल्या वर्षीच गेलं. मधलं आहे. सकाळी विचारलं, "यशू, मधलं कसं आहे?" ती म्हणाली, "आहे, पप्पा." म्हणून लिहितो, आहे.

यावर औषध नाही. पण एका नव्या उपचाराची चाचणी सुरू व्हायची आहे, आणि सप्टेंबरपर्यंत मधली दृष्टी टिकली तर यशूचं नाव त्यात घालता येईल, असं डॉक्टर म्हणाले. मे महिन्यात म्हणाले ते; वहीचंही तेव्हाच सांगितलं होतं, सुरुवात आज होतेय. तेव्हापासून मी रोज सकाळी तोच प्रश्न विचारतो. तिची आई असती तर तिने मला गप्प बसवलं असतं. ती जाऊन सहा वर्षं झाली.

आज आषाढी पौर्णिमा. विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालं. आता आश्विनी पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी. यंदाही वाचायला मीच. पहिलं पान संपतंय तोच मागून धोंडिबा आबा म्हणाले, "गुर्जी, निस्तं वाचू नगा. फोडून सांगा." फोडून सांगण्यात माझा हात धरणारा भाजे गावात कोणी नाही. हे मीच लिहून ठेवतो, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही.

१३ जुलै, रविवार

धबधब्याला आलेल्यांच्या गाड्या थेट आमच्या ओट्यापर्यंत. एकाने दुपारी बेल वाजवून "मॅगी मिळेल का" विचारलं. मी त्याला शुद्ध मराठीत दोन शब्द सुनावले.

यशूने आज कॉम्प्युटर लावायला सांगितला. पुण्यात ती एका स्टुडिओत होती. कार्टूनमधली माणसं दुसरे कोणी काढायचे, त्यांच्या मागचे डोंगर, घरं, आभाळ ही रंगवायची. मार्चमध्ये नोकरी सोडली. येताना तिथल्या एका मित्राने, आकाशने, एक डिस्क दिली. तिच्यात चौदा जपानी ॲनिमेशनचे चित्रपट आहेत. कामाच्या गडबडीत तिचे बघायचे राहून गेले होते.

"मधलं आहे तोवर सगळे बघून घेते," म्हणाली.

मी म्हटलं, "सव्वीस वर्षांची झालीस, अजून कार्टून?"

"ही लहान मुलांची नाहीत, पप्पा. मोठ्यांनाही कळत नाहीत."

"मग बघायची कशाला?"

"बघायलाच."

अडचण एकच. बोलणं जपानीत, आणि चित्राखाली ओळी येतात त्या इंग्रजीत. ती बारीक अक्षरं तिला आता धरता येत नाहीत. चित्र दिसतं, अक्षर नाही. तेव्हा मी शेजारी बसून खालच्या ओळी मराठीत वाचायच्या. माझं इंग्रजी सरकारी शाळेतलं आहे, पण डिक्शनरी जवळ असली की मी कोणाला हार जात नाही.

१५ जुलै, मंगळवार

पहिला चित्रपट. दुपारी खिडकीला जाड चादर लावून बघितला.

डोंगरावर एक रेल्वे स्टेशन आहे, पण रूळ नाहीत. गणवेशातला एक म्हातारा फलाटावर पडलेल्या सावल्या झाडूने गोळा करतो आणि पोत्यात भरतो. कोणाच्या सावल्या, तर तिथे कोणीच नाही. दीड तासात या गृहस्थाने अकरा वाक्यं उच्चारली. मात्र चित्रं अशी की मी डिक्शनरी उघडायची विसरलो. एकेका दगडावरचं शेवाळ वेगळं काढलेलं.

मध्येच मी चित्र थांबवून म्हणालो, "म्हणजे काय बघ यशू, सावली म्हणजे माणसाची तृष्णा..."

"पप्पा, फोडून सांगू नका ना. खाली लिहिलंय तेवढंच वाचा."

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "आता आभाळ कुठल्या रंगाचं आहे?"

"तुला दिसत नाही का?"

"दिसतंय. तुम्हाला कसं वाटतं ते विचारते."

मी चित्रकार नाही, पण चित्रकार मुलीचा बाप आहे, म्हणून नीट बघून सांगितलं, अर्धवट पिकलेल्या जांभळासारखं. तिला आवडलं ते. मग ती सारखी विचारायला लागली. जमिनीचा रंग कोणता, दिव्याचा कोणता, म्हाताऱ्याच्या टोपीचा कोणता. माझी परीक्षाच घेत होती. मी पास झालो असावा.

मधलं : आहे.

२२ जुलै, मंगळवार

यशूचा आळस वाढत चाललाय. चहा ओतताना कपात बोट घालून बघते, भरला की नाही ते. "हा काय घाणेरडेपणा," म्हणून ओरडलो. कुडता उलटा घालून दिवसभर वावरली. तेही मीच सांगितलं, तेव्हा हसली.

झुंबरबाई दूध घालायला आली तेव्हा म्हणाली, "गुर्जी, पोरगी भितीला हात लावून चालती हो."

"कडेचं गेलंय ना, मावशी, म्हणून. मधलं शाबूत आहे. तेवढ्यावर तर मी उभा आहे. ते गेलं की मलाही उचला."

"असं वंगाळ बोलू नगा."

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. यशूने ऐकलं असावं. ऐकलं तर बरंच झालं, बापाचा जीव किती तुटतो ते तिला कळू दे.

२९ जुलै, मंगळवार

एक गोष्ट इथे कबूल करतो. ही ओळ डॉक्टरांना दाखवायची नाही.

आजच्या चित्रपटात एक बाई आहे. तिच्या घरात भिंतभर खण, आणि प्रत्येक खणात तिचं एकेक मूल झोपलेलं. का, ते विचारायचं नाही. बाहेरून एक मुलगी येते, लाल रेनकोट घातलेली. ती दार वाजवते आणि बाई आतून म्हणते, "तुझ्यासाठी खण उरला नाही." चित्रपट संपला. तेवढ्यासाठी आम्ही दोन तास बसलो होतो.

माझ्या तोंडून निघालं, "तुझ्यासाठी खण राखून ठेवलाय."

मुद्दाम केलं की आपोआप झालं, सांगता येत नाही. दुसरीच्या पुस्तकात एक बैल मरतो असा धडा होता. तो बैल मी वर्गात दरवर्षी जिवंत ठेवायचो. पोरं परीक्षेत चुकायची ती गोष्ट वेगळी, पण त्या वयात बैल मेलेला कोणाला बघवतो? आणि ज्या पोरीची नजर दिवसादिवसाने विझते आहे तिला मी "जागा नाही" असं वाचून दाखवू? त्या जपान्यांना काय जातंय?

यशूने पाय वर घेतले. मग म्हणाली, "बरं झालं."

मधलं : आहे.

६ ऑगस्ट, बुधवार

सहा झाले. आता मी सरावलो आहे. ओळ येते, मी आधी मनात वाचतो, आणि कडू असेल तर थोडी साखर घालतो. यशूचा चेहरा खुलतो. एका ठिकाणी एक म्हातारी "कोणी ऐकत नाही" म्हणते, तिथे मी "सगळे ऐकतायत" म्हटलं. एवढ्याने कथेचं काय बिघडलं? कथा मुळात आहेच कुठे?

पण एक मात्र खरं. रात्री डोळे मिटले की ती चित्रं दिसतात. पाण्याखालचं गाव, आणि गावातल्या प्रत्येक चुलीतून वर जाणारे बुडबुडे. अशी चित्रं काढणारी माणसं इतकी उदास का असावीत?

१४ ऑगस्ट, गुरुवार

आजचं सविस्तर लिहितो, कारण आजचा दिवस माझ्या आयुष्यात मोठा आहे.

आजच्या चित्रपटात समुद्र आटून गेलाय. जिथवर नजर जाईल तिथवर राखाडी वाळू, आणि वाळूत एका ओळीत दारं उभी. भिंती नाहीत, छप्पर नाही, नुसती चौकटीसकट दारं. एक मुलगी रोज पहाटे तेलाचं भांडं घेऊन निघते आणि प्रत्येक दाराच्या बिजागरीला तेल घालते. कोण येणार आहे, ते ती सांगत नाही. पाठीवर खाट बांधलेला एक माणूस भेटतो. तो म्हणतो, समुद्राने तुला सांगितलंय का हे काम? ती म्हणते, समुद्राने काहीच सांगितलं नाही. शेवटी ती शेवटच्या दारातून आत जाते, दार लागतं, आणि ते दारच नाहीसं होतं. पुढे चार मिनिटं वारा आणि वाळू. अगदी शेवटी एक ओळ येते, "कुणीतरी तेलाचं भांडं उचलून ठेवा."

यशू पुढे सरकून बसली होती, हनुवटी हातावर. त्या ओळीच्या जागी मी म्हणालो, "मी परत आले." आणि सुटलोच. म्हणालो, "बघ, दार उघडलं. ती आली बाहेर. मागून पाणी येतंय, समुद्र येतोय परत."

बोललो आणि जीव वर आला. ओळी बदलणं वेगळं, चित्र समोर असताना चित्र कसं बदलणार? पडद्यावर राखाडी वाळूशिवाय काही नव्हतं. आता ही म्हणणार, पप्पा, कुठे आहे समुद्र?

यशू पडद्याकडे बघत म्हणाली, "हो. आली. पाणी किती निळं आहे ना, पप्पा."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. मग उमगलं. पडद्यावर काय आहे याच्या पलीकडे तिने बघितलं. मी दाखवलेला अर्थ तिने उचलला, वाळूच्या जागी पाणी बघितलं. बत्तीस वर्षं हेच तर शिकवायचा प्रयत्न करत होतो. डोळ्यांत पाणी आलं, पण तिला दिसू नये म्हणून खिडकीवरची चादर सारखी करत बसलो.

मधलं : आहे. चांगलं आहे.

२० ऑगस्ट, बुधवार

आणखी दोन. आता ती माझ्यापुढे जाते. मी "पक्षी" म्हटलं की "किती पांढरे" म्हणते. पक्षी नव्हतेच, कावळ्यांसारखी काळी पाकिटं होती. मग मीही पांढरेच ठेवले.

विहारात वाचन झाल्यावर दारांची गोष्ट मी माझ्या शेवटासकट सांगितली. बायाबापड्यांना फार आवडली. धोंडिबा आबा म्हणाले, "बगा, जपानमंदी बी आपल्यावानीच." मी मान डोलावली.

२४ सप्टेंबरला महिना उरला. डॉक्टरांपुढे ही वही ठेवीन आणि म्हणेन, बघा, विचारायचा एक दिवस चुकला नाही. यशूला तसं म्हटलं. ती म्हणाली, "इतकं लिहू नका, पप्पा." नम्र आहे पोरगी.

३१ ऑगस्ट, रविवार

आकाश आला होता. सोमाटण्याहून मोटारसायकलवर, गणपतीच्या गर्दीतून, चिंब भिजून. यशूच्या वयाचा, मितभाषी, मला "सर" म्हणणारा. यशूने केस विंचरले होते. मी पिठलं-भात केला. तिघे जेवायला बसलो.

यशू खुशीत होती. "दारांची फिल्म बघितली आम्ही. शेवटी समुद्र येतो ना, तो निळा काय जबरदस्त असेल रे."

आकाश म्हणाला, "कुठला समुद्र?"

"शेवटचा. ती दार उघडून परत येते तेव्हाचा."

आकाशने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, डोळ्याने खुणावलं. त्याला खूण कळली नाही, किंवा कळून त्याला खोटं बोलता आलं नाही. "यशे, ती परत येत नाही. समुद्र पण येत नाही. नुसती वाळू आहे शेवटपर्यंत. तू बघितलीस ना?"

यशूचा हात ताटात होता, तो तिथेच राहिला. मान माझ्या बाजूला वळली, पण नजर माझ्यावर नाही, माझ्या खांद्याच्या मागच्या भिंतीवर.

"पप्पा?"

"येतो की समुद्र," मी म्हणालो. "याने दुसरी कुठली तरी कॉपी बघितली असेल."

हे मी का म्हणालो? अजूनही कळत नाही. तिथे थांबलो असतो, तर कदाचित काही राहिलं असतं.

यशू आकाशला म्हणाली, "शेवटची चार मिनिटं सांग. आहे तशी."

त्याने सांगितली. वाळू राखाडी आहे, पण सकाळची, म्हणून तिच्यात थोडी गुलाबी झाक. दारं डावीकडून उजवीकडे लहान होत जातात. शेवटच्या दाराच्या जागी चौकोनी खड्डा, खड्ड्याच्या कडेला तेलाचं भांडं, झाकण उघडं. वाऱ्याने झाकण हलतं, पण आवाज येत नाही. मग ती ओळ. कशाचा अर्थ काय, याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. तो सांगत होता तेव्हा ते भांडं मला पहिल्यांदा दिसलं. चित्र समोर असताना मी ते बघितलंच नव्हतं.

मग मी मूर्खासारखा म्हणालो, "पण यशू, तू तर बघत होतीस. पाणी निळं आहे म्हणालीस."

"तुम्ही पाणी म्हणालात म्हणून मी निळं म्हणाले."

"म्हणजे?"

"मला जूनपासून दिसत नाही, पप्पा. उजेड आहे का अंधार, तेवढं कळतं."

आकाश उठून ओट्यावर गेला. मी विचारलं, "मग रोज आहे, आहे का म्हणत होतीस?"

ती म्हणाली, "तुम्ही रोज विचारत होतात."

१ सप्टेंबर, सोमवार

आज काही शिजवलं नाही. झुंबरबाईने भाकरी आणून दिली.

या वहीची मागची पानं वाचली. चहातलं बोट. उलटा कुडता. आभाळाचा रंग. सगळं मीच लिहिलंय, माझ्याच अक्षरात, आणि नोंदींखाली पुन्हापुन्हा "आहे". शाळेत एखाद्या मास्तराने गैरहजर पोरांची अशी हजेरी लावली असती तर मी त्याला नोटीस दिली असती.

दुपारी यशू खोलीतून बाहेर आली आणि माझ्यासमोर बसली. रडलेली नव्हती. "किती फिल्म्समध्ये बदललंत?"

"तीन-चार."

"पप्पा."

"दहा झाल्या ना. सात असतील. आठ."

"कुठे कुठे? एकेक सांगा."

मी सांगायला लागलो. लाल रेनकोट. ऐकत नाही म्हणणारी म्हातारी. काळी पाकिटं. मग मी अडलो. पाण्याखालच्या गावातला मुलगा वर तरंगत आला की मी आणला, ते मला आठवेना. बुडबुडे खरे होते. मुलगा? सावल्यांचं पोतं शेवटी रिकामं होतं की मी रिकामं केलं? मी कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. खरं आणि माझं असं एकात एक मिसळून गेलंय की आता मलाच निवडता येत नाही.

ती म्हणाली, "मला वाटलं होतं, डोळ्यांनी नाही तर नाही, पण या फिल्म्स डोक्यात भरून ठेवू. शेवटची चित्रं म्हणून. तुम्ही रंग सांगायचात तेव्हा खरंच दिसायचं, पप्पा. जांभळाचं आभाळ मला दिसलं होतं." मग म्हणाली, "ते तरी होतं का?"

"होतं. आईशप्पथ होतं."

माझ्या शपथेचं वजन किती, ते दोघांनाही माहीत होतं.

मी म्हणालो, "तू पण तर मला फसवलंस."

"हो," ती म्हणाली. "मला दिसत नव्हतं, एवढंच लपवलं. तुम्हाला दिसत होतं."

४ सप्टेंबर, गुरुवार

पहिल्यापासून परत सुरू करू म्हणालो. ती "बरं" म्हणाली. खिडकीला चादर लावली. लावायची गरज नव्हती हे नंतर लक्षात आलं.

सावल्यांचा चित्रपट. जशीच्या तशी ओळ वाचायची, दिसेल तेच सांगायचं, असं ठरवून बसलो. "म्हातारा झाडू घेऊन उभा आहे," मी म्हणालो. "डावीकडे खांब आहे. खांबाला घड्याळ आहे."

"घड्याळात किती वाजलेत?"

"चार वाजून दहा मिनिटं."

"खरंच?"

"खरंच."

"सेकंदकाटा आहे?"

"नाही."

"आकाशला फोन करून विचारू?"

दहा मिनिटं असंच चाललं. प्रत्येक वाक्यानंतर ती थांबायची, आणि मी तेच वाक्य पडद्याशी पुन्हा ताडून बघायचो. मी खरं सांगत होतो आणि माझा आवाज खोटं बोलणाऱ्यासारखा येत होता. शेवटी ती म्हणाली, "राहू द्या, पप्पा. तुमची दमछाक होतेय." उठून भिंतीला हात लावत आत गेली.

पुढचा सगळा चित्रपट मी एकटा बघत बसलो. पोतं रिकामं होत नाही. फुटतं, आणि सावल्या म्हाताऱ्याच्या अंगावर येतात. आता कळून उपयोग नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

विहारात नुसता वाचतो आहे. पान संपलं की पुढचं पान. धोंडिबा आबांनी तीन दिवस वाट बघितली. आज म्हणाले, "गुर्जी, घसा धरलाय का? फोडून सांगत न्हाई तुमी." म्हणालो, "आबा, लिहिलंय ते पुरेसं आहे." बायांना बरं वाटलं नाही. उद्यापासून वाचायला दुसरं कोणी बघा म्हणणार होतो, तेवढा धीर झाला नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

पुण्याला जाऊन आलो. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांवर बॅटरी मारली, यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली आणि दोन मिनिटांत खुर्ची मागे घेतली. "कधीपासून?"

"जून," यशू म्हणाली.

"तेव्हाच यायला हवं होतं."

मी विचारलं, जूनमध्ये आलो असतो तर काही करता आलं असतं का. डॉक्टर म्हणाले, नाही, तसं नाही, मधलं गेल्यावर चाचणीत घेत नाहीतच. मग म्हणाले, निदान तुम्हाला मानसिक तयारीला वेळ मिळाला असता. नाव कागदावरून काढलं. पुढची तारीख दिली नाही.

"वही आणली का, गुरुजी?"

"विसरली घरी," मी म्हणालो. वही मांडीवरच्या पिशवीत होती. यशूचा हात त्या पिशवीवर होता. तिला कागदाचा कडक पुठ्ठा लागला असणार. तिने हात काढून घेतला.

एवढं सगळं झाल्यावरही माझ्या तोंडून खोटं किती सहज निघतं. मला माझी भीती वाटते.

२८ सप्टेंबर, रविवार

आकाश येऊन कॉम्प्युटर घेऊन गेला. यशूनेच बोलावलं होतं. चार चित्रपट बघायचे राहिले होते. आकाश म्हणाला, मी येत जाईन, मी सांगेन. ती म्हणाली, "नको आता. कोणीही सांगितलं तरी मी तेच शोधत बसेन, यात खरं किती." तो खाली मान घालून वायर गुंडाळत होता. गाडीला खोकं बांधताना मला म्हणाला, "सर, काळजी घ्या." कोणाची, ते बोलला नाही.

टेबलावर चौकोनी स्वच्छ जागा राहिली आहे. पुसून घ्यायला हवी.

२ ऑक्टोबर, गुरुवार

यशूची काही तक्रार नाही. माझ्याशी नीट बोलते, जेवते, मी दिलेली व्हिटॅमिनची गोळी घेते. फक्त मला काही विचारत नाही. भाजी शिजली का, ते वास घेऊन बघते. गॅस बंद आहे का, ते बटणाला हात लावून. आज कपाटातून साडी काढली, तिच्या आईची. मी म्हणालो, "हिरवी आहे, पोपटी काठाची." तिने ती घडी तशीच हातात धरून ठेवली. संध्याकाळी झुंबरबाई आल्यावर तिच्यापुढे केली, "मावशी, ही कोणती हो?" हिरवी म्हटल्यावर नेसली.

आधी वाटलं, हे आजच्यापुरतं असेल. नाही. पोरीला पुढचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या डोळ्यांनी काढायचं आहे, आणि घरात डोळे माझेच आहेत.

८ ऑक्टोबर, बुधवार

काल आश्विनी पौर्णिमा. ग्रंथ पूर्ण झाला. विहारात खीर वाटली. यशू आली होती, बायांमध्ये बसली होती. समाप्तीला चार शब्द बोला असा आग्रह झाला. मी हात जोडले आणि बसलो.

आज सकाळी ती ओट्यावर बसली होती. मी चहा नेऊन दिला. गेला महिनाभर मनातल्या मनात एकच सराव करतो आहे, समोर आहे तेवढंच म्हणायचा. शेजारी उभा राहिलो आणि म्हणालो, "यशू, आज विसापूरचा किल्ला दिसत नाही. धुकं अगदी खाली उतरलंय. समोरच्या शेताचा बांध दिसतो, त्याच्या पलीकडे पांढरं. बांधावर दोन बगळे आहेत."

बस, एवढंच. कशाचाही अर्थ सांगितला नाही. चुकीचं काही नव्हतं. मी दोनदा बघून मगच बोललो होतो.

तिने ऐकून घेतलं. मान हलवली. चहाचा घोट घेतला.

इतक्यात झुंबरबाई दुधाची किटली घेऊन रस्त्याने निघाली. पायातल्या जोडव्यांच्या आवाजावरून यशूने ओळखलं. हाक मारली, "मावशी, विसापूर दिसतंय का हो आज?"

"न्हाई गं बाई. समदं धुकंच हाय."

"आणि बांधावर काही आहे का?"

झुंबरबाई थांबली. डोळ्यांवर हात धरून तिने शेताकडे बघितलं. "दोन बगळं हायती."

"बरं," यशू म्हणाली, आणि तोंड बांधाकडे करून बसली.

मी तिथेच होतो, हाताच्या अंतरावर.